मदत हवी आहे : खटल्यानंतर ॲलिस पेरर्सच्या जमिनींचे काय झाले?

नीलमोहर : इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या या प्रेयसीवरचा लेख दिवाळी अंकासाठी याच आठवड्यात द्यायचा आहे आणि मी एका जागी अडकले आहे. खटल्यात तिची सगळी मालमत्ता जप्त झाली, असे एकीकडे वाचते. मरेपर्यंत ती त्याच जमिनींसाठी भांडत होती, असे दुसरीकडे. जप्त झालेल्या जमिनीवर तिने हक्क सांगितला तरी कसा? कृपया लवकर कळवा.

पांथस्थ : कोणता खटला? संसदेने १३७६ मध्ये तिला दरबारातून घालवले तो प्रसंग, की राजा गेल्यावर १३७७ च्या अखेरीस चाललेला खटला? तिच्या लग्नाचा विचार आपण केला आहे का?

सोनचाफा : त्यापेक्षा फ्रान्सच्या ॲन्येस सोरेलवर लिहा. सातव्या चार्ल्सची ही प्रेयसी १४५० मध्ये वारली आणि अलीकडे तिच्या अवशेषांत पारा सापडला. तो विषाचा की औषधाचा, ही चर्चा वाचकांना नक्की आवडेल.

नीलमोहर : सोरेलविषयी मी विचारलेले नाही. माझा प्रश्न १३७७ च्या खटल्याचा आहे. लग्न विल्यम विंडसरशी, तेही गुपचूप केलेले. पण त्याचा इथे काय संबंध?

जुना वाडा : एडवर्डच्या राणीचे, फिलिपाचे दागिने १३७३ मध्ये हिने मिळवले आणि मरणासन्न राजाच्या बोटांतल्या अंगठ्याही काढून घेतल्या. अशा बाईची मालमत्ता गेली, यात अन्याय तो कोणता?

पांथस्थ : दागिन्यांचे खरे आहे. अंगठ्यांची कथा मात्र सेंट ऑल्बन्स मठातला बखरकार थॉमस वॉल्सिंगहॅम याची आहे, आणि त्या मठाचा ॲलिसशी जमिनीवरून वाद होता. प्रतिपक्षाची साक्ष आपण निकाल म्हणून वाचू नये.

रानवाट : नीलमोहर, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या लग्नातच आहे. पन्नासच्या आसपास जहागिरी तिच्याकडे होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच राजाने दिलेल्या नसून तिने स्वतः व्यवहार करून मिळवलेल्या होत्या. लंडनमधल्या हॅमरस्मिथजवळच्या पॅलेन्सविक या तिच्या जहागिरीची जप्तीच्या वेळी नोंद झाली, तीत मोठे दिवाणखान्याचे घर आणि प्रार्थनागृह दिसते. राजाच्या मर्जीवर दिवस काढणारी बाई अशी घरे जमवत नाही. पुढे विंडसरच्या खटपटीने १३७९ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली, परंतु १३८० मध्ये जमिनी परत मिळाल्या त्या नवऱ्याच्या नावाने, कारण विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे जात असे. विंडसर १३८४ मध्ये वारला आणि त्याचा पुतण्या जॉन याने त्या बळकावल्या. तेव्हापासून ॲलिसचे भांडण राजसत्तेशी कमी आणि सासरच्या या माणसाशी जास्त होते. १४०० च्या मृत्युपत्रात तिने या जमिनी सोडवून मुलींत वाटाव्यात असे लिहिले आणि जॉनचा त्यांवर कधीच हक्क नव्हता, असे आत्म्याची शपथ घेऊन नोंदवले.

जुना वाडा : तरीही १३७६ च्या संसदेने तिच्यावर खजिन्यातून दरवर्षी दोन-तीन हजार पौंड उचलल्याचा ठपका ठेवला होता, हे लेखात आलेच पाहिजे.

नीलमोहर : येईल, संसदेचा आरोप म्हणून येईल. रानवाट, मनापासून आभार. जप्तीवर संपणारा लेख आता मृत्युपत्रापर्यंत नेते. मृत्युपत्रातला तो मजकूर पूर्ण कुठे वाचता येईल, हे कुणाला ठाऊक असल्यास आजच सांगावे.