‘आवाज फाटतो’ म्हणजे नक्की काय फाटतं?

एरंडवणेकर
सोसायटीच्या हॉलमध्ये नवा अँप्लिफायर बसवलाय. वापरणाऱ्यांसाठी मराठीत पानभर सूचना लिहून भिंतीला लावायच्या, हे काम माझ्याकडे आलं. पुढच्या बाजूला ‘क्लिप’ लिहिलेला तांबडा दिवा आहे. मी लिहिलं, ‘हा दिवा लागला की आवाज फाटतोय असं समजून व्हॉल्यूम कमी करावा.’ सेक्रेटरींनी वाक्य खोडलं. त्यांच्या मते फाटतो तो स्पीकरचा कागद, आवाज नाही. लोक उगाच स्पीकर उघडून बघतील. मी लहानपणापासून रेडिओबद्दलसुद्धा ‘आवाज फाटतोय, बारीक कर’ हेच ऐकत आलोय. अँप्लिफायरला झेपेनासं होऊन आवाज बिघडतो, त्या क्लिपिंगला तुम्ही काय म्हणता?

तपकीरगल्ली
सेक्रेटरींचं अगदीच चूक नाही. दोन्हीला फाटणंच म्हणतात आणि त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात. ओळखीच्या एकांनी दुकानात ‘आवाज फाटतोय’ एवढंच सांगितलं, तिथे स्पीकरचा कोन, म्हणजे तो कागदच, बदलून दिला. घरी आणून लावला तर रडगाणं तेच. अँप्लिफायर कमी पडत होता.
खूण सोपी आहे. आवाज अगदी बारीक ठेवा. तरीही फरफर येत असेल तर कागद फाटलाय किंवा कडेचा फोम सुटलाय. मग अँप्लिफायर बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवा आणि हलकेच आत दाबा. खरखरीत घासल्यासारखं लागलं तर आतली कॉइल घासतेय. बारीक असताना स्वच्छ आणि मोठा केल्यावरच कर्कश, तर ते क्लिपिंग. आमच्यात पहिल्याला ‘फरफरतो’, दुसऱ्याला ‘घासतो’ आणि तिसऱ्यालाच ‘फाटतो’ म्हणतात. निदान म्हणायला हवं.

पारिभाषिक
म्हणूनच सूचनांमध्ये बोलीतला शब्द नको. ‘विरूपण’ हा सगळ्या प्रकारच्या बिघाडाचा शब्द झाला, क्लिपिंग हा त्यातला एक प्रकार. अँप्लिफायरच्या आतल्या सप्लायला ३५ व्होल्ट असतील तर लाटेचं टोक त्याच्या वर जाऊच शकत नाही, ते सपाट कापलं जातं. कापलं जातं, फाटत नाही. ‘शिखरछेद’ म्हणा. ऐकताक्षणी आकृती डोळ्यांपुढे येते.

एरंडवणेकर
आकृती ज्याला माहीत आहे त्याच्याच डोळ्यांपुढे येईल ना? माझं पान वाचणार आहेत भजनी मंडळाच्या आज्या आणि वाढदिवसाला हॉल घेणारे.

निषाद
‘फाटणं’ गळ्याकडून आलंय, कागदाकडून नाही, असं माझं ठाम मत आहे. वरच्या षड्जावर जाताना दम संपला आणि गायक नुसता जोर लावत राहिला की आवाज फाटतो. गळ्याला जेवढं झेपतं त्यापेक्षा जास्त मागितलं, अँप्लिफायरचंही तेच होतं. इतका चपखल शब्द असताना शिखरछेद कशाला? कुणी ‘आवाज फुटतो’ म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. कंठ फुटतो तेव्हा आवाज यायला लागतो.

आठओहम
‘दम’ हा शब्द लाख मोलाचा काढलात. सगळं भांडण दमाचंच आहे. बाजारात डब्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ छापलेलं असतं, त्या आकड्याला कसलाच आधार नसतो. आरएमएस वॉट, म्हणजे अँप्लिफायर सतत देऊ शकेल ती शक्ती, विचारा. ८ ओहमच्या स्पीकरवर २० व्होल्ट आरएमएस गेले तर ५० वॉट, २०चा वर्ग भागिले ८. हा हिशोब कुणालाही करता येतो.
आणि ‘दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट मोठा आवाज’ हे डोक्यातून काढा. ५० चे १०० केलेत तर ३ डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळण्याइतके. कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. मोठा अँप्लिफायर घ्यायचा तो मोठ्याने वाजवायला नाही, दम शिल्लक राहावा म्हणून. तबल्याची थाप अचानक येते, त्या क्षणाला सरासरीच्या दहापट शक्ती लागली तरी नवल नाही. तिथे छोटा अँप्लिफायर फाटतो. लहान अँप्लिफायर स्पीकरला सुरक्षित असतो हाही गैरसमज. टोकं पूर्ण सपाट झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती देते, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, जळतो.

निषाद
वॉट वाढवून सगळं सुटत नाही. हल्लीच्या कित्येक गाण्यांत आवाज फाइलमध्येच फाटलेला असतो. फाइलमध्ये आवाज आकड्यांत साठवतात, आणि १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. मिक्सिंग करणाऱ्याने त्याच्या वर रेटलं की टोक तिथेच सपाट. मग तुम्ही ५०० वॉट लावा, फाटलेलंच पण मोठ्याने ऐकू येईल. याला काय म्हणाल?

आठओहम
तेही क्लिपिंगच, फक्त जागा वेगळी. म्हणून तर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९६,००० नोंदींच्या फाइली ऐकतो.

निषाद
त्याने काय होणार? सेकंदाला ४४,१०० नोंदी, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ असले तरी त्यात २० किलोहर्ट्झ पट्टीपर्यंतचे सगळे आवाज मावतात, त्यापुढचं माणसाला ऐकू येत नाही. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठा असा साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. कर्वे रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये खिडकी बंद केली तरी त्यातला खालचा केवढा तरी भाग रहदारीतच बुडतो. २४ बिट रेकॉर्डिंग करताना हवेत, ऐकताना नाही. फाटलेलं मिक्सिंग २४ बिटमध्ये भरलं तरी फाटलेलंच राहतं.

आठओहम
माझ्या कानाला फरक कळतो.

निषाद
कुणाला तरी फाइली आलटून पालटून लावायला सांगा, आणि दोन्हींचा आवाज मोजून एकसारखा ठेवा. किंचित मोठी वाजणारी फाइल नेहमी ‘चांगली’ वाटते. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव व्हायचा तेव्हा मंडपात मागे बसूनही तंबोऱ्याची जवारी ऐकू यायची. तिथे बिट कुणी विचारले नव्हते.

पारिभाषिक
मूळ मुद्दा शब्दाचा होता. बोलीवर सोडलं की काय होतं ते ‘डॉल्बी’त दिसतं. रे डॉल्बींनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करण्यासाठी. कॅसेट डेकवर ‘डॉल्बी एनआर’चं बटण त्याचंच. आपल्याकडे मात्र डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. वर्तमानपत्रं ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ लिहितात. खरखर घालवणाऱ्याचं नाव गोंगाटाला चिकटलं, हा त्या माणसावर अन्याय आहे.

तपकीरगल्ली
अन्याय असेल, पण शब्द आता मराठी झालाय. अलका चौकात उभं राहून ‘डॉल्बी आली’ म्हटलं तर लहान पोरालाही कळतं काय आलं ते. ‘ध्वनिवर्धक’ म्हणून बघा. वर्धक म्हणजे वाढवणारा, म्हणजे खरा तो अँप्लिफायर. पण सगळे स्पीकरलाच ध्वनिवर्धक म्हणतात. ‘ध्वनिक्षेपक’ तर कुणी माइकसाठी वापरतो, कुणी स्पीकरसाठी. तुमच्या शुद्ध शब्दांनी कुठे गोंधळ टाळला?

पारिभाषिक
त्यापेक्षा ‘कर्णा’ होता ना चांगला, कर्णाशी नातं सांगणारा. तो का सोडला?

निषाद
त्याचं कानाशी नातं नसावं. फारसीत ‘कर्ना’ म्हणजे लांब तुतारी. नगारखान्यात वाजायचा तो कर्णा, आणि लाउडस्पीकरचा भोंगा तसाच दिसतो म्हणून त्यालाही तेच नाव.

पारिभाषिक
तुतारीचं मान्य. पण मराठी माणसाने ते नाव लगेच उचललं ते कानामुळेच, यावर मी ठाम आहे.

एरंडवणेकर
पान उद्या सकाळी लॅमिनेशनला जाणार आहे. ‘तांबडा दिवा लागला की व्हॉल्यूम कमी करावा’ एवढंच ठेवतोय. कर्ण्याचं चालू द्या.