साखरपुड्यासाठी ओव्हल हिरा, दोनपैकी कुठला घेऊ? आणि आजीच्या लाल खड्याबद्दल पण विचारायचंय

ऋतुजा_नाशिक
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत साखरपुडा आहे आणि अंगठी माझी मीच पसंत करायची असं ठरलंय. गोल सॉलिटेअर (अंगठीत एकटाच हिरा) सगळ्यांच्याच हातात असतो म्हणून ओव्हल घ्यावा असं मनात आहे. इथल्या एका सराफांनी दोन हिरे दाखवले, दोन्ही १ कॅरेटच्या आसपास, कलर जी (म्हणजे जवळपास पांढरा), क्लॅरिटी व्हीएस२ (आतले दोष अगदी बारीक), दोन्हीला जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. पहिला ७.७ बाय ५.७ मिलिमीटर, दुसरा जरा लांबट, ८.१ बाय ५.५. दुसरा स्वस्तही पडतोय आणि बोटावर मोठा दिसतो म्हणून ते म्हणतात हाच घ्या. पण त्याच्यात मला मधोमध आडवा काळपट पट्टा दिसतो, हात हलवला तरी जात नाही, ते म्हणाले दुकानातल्या लाइटमुळे तसं वाटतं. दुसरं म्हणजे ताईच्या गोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कट (म्हणजे घासणी) एक्सलंट असं लिहिलंय, या दोन्हींवर तो रकानाच नाही, बाबांना तर सर्टिफिकेटच खोटं आहे की काय अशी शंका आलीये.

आणि आईचं एक काम. आजीची जुनी अंगठी आहे, ओव्हल लाल खडा, घरात सगळे माणिक म्हणतात. तो काढून मला पेंडंट करून द्यायचं तिच्या मनात आहे. खडा काढायच्या आधी काय तपासून घेऊ?

तापीकाठचा
सर्टिफिकेट खोटं नाही, बाबांना निश्चिंत राहू दे. जीआयए कटचा ग्रेड फक्त गोल ब्रिलियंटला (चमकेसाठी खूप पैलू पाडलेल्या गोल हिऱ्याला) देते, ओव्हल, पेअर, मार्कीज, कुशन अशा सगळ्या फॅन्सी, म्हणजे गोल नसलेल्या शेपना फक्त पॉलिश (पैलूंची सफाई) आणि सिमेट्री (दोन्ही बाजूंचा सारखेपणा) लिहितात. आणि नेमकी इथंच गिऱ्हाइकाची पंचाईत होते, कारण ओव्हलमध्ये सगळा खेळ कटचा आणि तोच कागदावर नाही. मी मूळ जळगावचा, सुरतेत हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये (प्रतवारीत) आहे, एकाच वजनाचे, एकाच कलर-क्लॅरिटीचे दोन ओव्हल शेजारी ठेवले की एक जिवंत दिसतो आणि एक मेलेला, कागद मात्र दोघांचा सारखाच.

तुम्हाला दिसलेला पट्टा म्हणजे बो-टाय. हिरा लांबट केला की मधल्या भागातल्या खालच्या पैलूंचे कोन असे बसतात की तिथून बाहेरचा उजेड परत येण्याऐवजी बघणाऱ्याच्याच डोक्याची सावली परत येते. थोडाफार बो-टाय जवळपास प्रत्येक ओव्हलला असतो, हिरा हलवला की तो उजळतो, पुन्हा विझतो, त्यात काही वाईट नाही, मला तर तसा हिरा आवडतो कारण त्याला खोली येते. पण हलवूनही पट्टा जागचा हलत नसेल तर तो दुकानातल्या लाइटचा दोष नाही, घासणीचा आहे. उलट दुकानातले स्पॉटलाइट बो-टाय झाकतात. हिरा दाराशी नाहीतर खिडकीशी घेऊन या, थेट ऊन नको, आधी हातभर अंतरावरून बघा आणि मग चेहऱ्याजवळ आणा. जवळ आणला की पट्टा गडद होणारच, डोकं उजेड अडवतं ना. हातभर अंतरावरूनही तो ठळक दिसला तर मी तरी तो हिरा घेणार नाही, कितीही स्वस्त असो.

अजून दोन गोष्टी. सर्टिफिकेटवर डेप्थ, म्हणजे हिऱ्याची वरून खालपर्यंतची उंची, रुंदीच्या टक्क्यांत असते, ओव्हलला साधारण ५८ ते ६३ च्या आत असली तर बरी, त्याच्या बरीच वर गेली की वजन पोटात जातं, म्हणजे पैसे १ कॅरेटचे देता आणि वरून दिसतो त्याहून लहान. दुसरं, ओव्हलमध्ये पिवळेपणा दोन्ही टोकांना आधी दिसतो, म्हणून हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत आडवा धरून टोकं बघा. जी कलरला सहसा काही अडचण येत नाही, पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर जीपेक्षा थोडा पिवळसर आय कलर सुद्धा चालून जातो.

दादरकर_काका
एवढं सगळं बघून शेवटी मोडायला गेलात की वजनच बघतात. वजन जास्त असेल तो घ्यावा, चमक काय रोज पुसली की येते. आमच्या वेळेला कोण बघत होतं बो-टाय.

अपर्णा_ठाणे
काका, मान ठेवून सांगते, हे नाही पटलं. कोहिनूरचंच बघा ना, तो ओव्हल ब्रिलियंट आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक रांगा लावून बघायला गेले आणि चमकतच नाही म्हणून हिरमुसले, मग १८५२ मध्ये प्रिन्स अल्बर्टने तो नव्याने घासून घेतला. जुन्या मोजणीचे १८६ कॅरेट होते, उरले १०५.६. भारतातल्या जुन्या घासणीत वजन राखायला महत्त्व होतं, तिकडे चमकेला, आणि चमकेसाठी त्यांनी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हिऱ्याचं एवढं वजन घालवलं. (तो परत यायला पाहिजे हे वेगळं, त्यावर मी कधीही भांडायला तयार आहे.) ऋतुजा तर हिरा रोज हातात घालणार आहे, मोडायला नाही घेत.

ऋतुजा, मी ओव्हल रोज वापरते म्हणून वापरातलं सांगते. लांबी भागिले रुंदी करून बघ, तुझा पहिला १.३५ येतो, दुसरा १.४७. १.३५ ते १.४५ हा बहुतेकांना आवडणारा आकार, पण आकड्यावर अडू नकोस, दोन्ही बोटावर घालून बघ, लांबट हिऱ्याने बोट लांब दिसतं पण नाजूक हातावर तो कधी कधी अंगावर येतो. आणि आकार डोळ्याने तपास, मधून एक रेघ कल्पून दोन्ही बाजू सारख्या हव्यात, एक टोक अंड्यासारखं निमुळतं आणि दुसरं बोथट असेल तर ते पुढे सतत डोळ्याला खुपत राहील. खांदे (टोक आणि बाजू यांच्यामधलं वळण) पण बघ, काही ओव्हलचे खांदे इतके भरलेले असतात की तो चौकोनाकडे झुकतो. मोठा दिसण्याचं म्हणशील तर १ कॅरेटचा गोल साधारण ६.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुझा पहिलाच त्याच्यापेक्षा लांब आहे, त्यासाठी काळा पट्टा पदरात घ्यायची गरज नाही.

सेटिंगला चारऐवजी सहा प्रॉन्ग (हिरा धरून ठेवणारे आकडे) घे. चारमध्ये एक सैल झाला की हिरा डुलायला लागतो. फार उंच बसवू नको, ओढणी अडकते, साडीचे धागे ओढले जातात. आणि कणीक मळताना काढून ठेव, हिऱ्याच्या खाली पीठ आणि तेल साचलं की महागातला हिरा पण काचेसारखा मंद दिसतो, कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड आणि मऊ ब्रश एवढ्यावर तो परत खुलतो.

रत्नपारखी_पुणे
हिऱ्याचं वरच्यांनी छान सांगितलंय, मी आजीच्या खड्याबद्दल लिहितो कारण त्यात घाई केली तर नुकसान होतं. मी जेमॉलॉजी शिकलोय, जुने दागिने बघायचं काम करतो.

जुनं आहे म्हणजे खाणीतलंच असणार असं अजिबात धरू नका. फ्रान्सच्या व्हर्नॉयने ज्वालेत माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि तेव्हापासून कृत्रिम माणिक बाजारात आहे, आपल्याकडच्या आजी-पणजीच्या दागिन्यांत ते मी खूप वेळा बघतो, देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. १० पट भिंग घ्या. आधी पैलूंच्या कडा बघा. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७, काचेचा साधारण ५.५, म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या काचेच्या कडा बोथट झालेल्या असतात, पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतात. माणकाचा कठीणपणा ९, त्याच्या कडा आजही धारदार दिसतील. मात्र कृत्रिम माणकाचाही कठीणपणा ९ च, तेव्हा कडा धारदार असल्या तरी नाचायचं नाही, आत बघायचं. वक्राकार बारीक रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर तो ज्वालेतला. सरळ किंवा कोनात असलेल्या रंगाच्या पट्ट्या, रेशमासारख्या सुया दिसल्या तर आशा धरा आणि लॅबमध्ये पाठवा. घरच्या परीक्षेवर शेवटचा निर्णय घेऊ नका.

आता खडा काढण्याचं. अंगठी मागून बंद आहे का ते आधी बघा. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चकाकता पातळ पत्रा घालायची पद्धत होती, कधी रंगीत पत्रा. अशा खड्याचा लालभडकपणा बराचसा त्या पत्र्याचा असतो, बाहेर काढला की तो गुलाबी, फिका निघतो आणि घरात रडारड होते. आईला हे आधी सांगून ठेवा. पत्रा असेल तर मी म्हणेन कोंदण तसंच ठेवून त्याचंच पेंडंट करा, वरती कडी जोडता येते, आजीची वस्तू आजीची राहते. पत्रा नसेल आणि खडा सुटा झाला तर छापील कागदावर सपाट ठेवून वरून बघा, मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर खड्याला विंडो आहे, म्हणजे तिथून उजेड परत न येता आरपार जातो आणि मधला भाग फिका पडतो. रंगीत ओव्हल खड्यांत हा दोष खूप, नवीन नीलम, पुष्कराज घेताना पण हेच बघा. रत्तीवर भाव लावला की वजन सांभाळून घासायचा मोह होतो, त्यातून एकतर पोट सुटलेले नाहीतर मधून आरपार दिसणारे खडे निघतात.

एक कळकळीची विनंती, तयार साच्यातलं ८ बाय ६ किंवा ९ बाय ७ चं कोंदण घेऊन त्यात बसावा म्हणून खडा घासायला देऊ नका. जुने खडे त्या मापाचे नसतातच. कोंदण खड्याच्या मापाने हाताने घडवून घ्या, घडणावळ जास्त गेली तरी चालेल.

ऋतुजा_नाशिक
बाप रे, किती छान माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. आज दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बघितलं, दुसऱ्या हिऱ्याचा पट्टा हातभर अंतरावरूनही तसाच, पहिल्याचा हलवला की उजळतो. डेप्थ पहिल्याची ६१ आहे. आजीची अंगठी मागून बंद आहे, आईला पत्र्याचं सांगितल्यावर ती म्हणाली मग हातच लावायचा नाही, आधी लॅब. आता दुकानात लॅबमध्ये बनवलेला ओव्हल पण दाखवला, तसाच दिसतो आणि खूपच स्वस्त, तो घेतला तर? आणि बिल करताना काय बघू?

तापीकाठचा
लॅबग्रोन हा खराच हिरा, नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगातून फरक कळत नाही, त्याला मशीन लागतं, म्हणून बिलावर लॅबग्रोन की नॅचरल हे स्पष्ट लिहून घ्या. परत विकताना त्याला फारसं काही मिळत नाही, आवडीसाठी घालायचा असेल तर खुशाल घ्या, पण बो-टाय, आकार, डेप्थ सगळं त्यालाही तसंच तपासायचं, स्वस्त मिळतोय म्हणून वाईट घासलेला घेऊ नका. नॅचरल घेतलात तर मी पहिलाच घ्या म्हणेन.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि हिऱ्याचं कॅरेट वेगळं हवं. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे अंगठी हिऱ्यासकट ४.२ ग्रॅम भरली तर सोन्याचे पैसे ४ ग्रॅमचेच. सोनं १८ कॅरेट असेल तर आत ७५० (हजारात ७५० भाग सोनं) आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क नंबर असेल, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, पण हॉलमार्क सोन्यापुरता असतो, हिऱ्याची हमी तो देत नाही. हिऱ्यासाठी सर्टिफिकेटचा नंबर जीआयएच्या साइटवर टाका, आणि गर्डलवर (हिऱ्याच्या भोवतालच्या कडेवर) लेझरने नंबर कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून घ्या, बसवायच्या आधी एकदा आणि अंगठी तयार होऊन हातात आली की परत एकदा. प्रॉन्गखाली नंबर झाकला जाऊ नये म्हणून कारागिराला आधीच सांगून ठेवा.