अनुभव धागा: उत्तरेतल्या तळ्याकाठी, तंबूत

मे लागला की अर्धं इंदूर पाठीला सॅक लावून निघतं आणि मालवा एक्सप्रेसच्या डब्यात निम्मी माणसं ओळखीची निघतात. मनालीच्या हॉटेलांबद्दल इथे नको. हिमाचल, उत्तराखंड किंवा लडाखकडे तळ्याकाठी, जंगलात ज्यांनी तंबूत रात्री काढल्यात, त्यांनी लिहा. थंडी, खाणं, संडास, कुत्री, सगळं चालेल. फक्त ‘अविस्मरणीय’ एवढंच लिहून पळू नका.

सुदामा नगरहून
चंद्रताल, स्पीती. उंची साधारण ४,२५० मीटर. काठावर तंबू लावायला बंदी आहे. कॅम्प तळ्याच्या अलीकडेच लागतात आणि शेवटचा टप्पा पायीच. बरंच झालं, नाहीतर पाण्यात कुरकुऱ्यांची पाकिटं तरंगली असती.

वाटेतल्या बाटल या मुक्कामाला पोचेपर्यंत आमचं रतलामी शेवेचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलं होतं. बाहेरच्या हवेचा दाब कमी, दुसरं काही नाही. त्याच कारणाने पाणी तिथे ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. वरण कुकरशिवाय शिजत नाही आणि चहा ओतेओतेपर्यंत कोमट होतो. आसपास झाड औषधालाही नाही, त्यामुळे शेकोटी विसरा.

मनाली जेमतेम २,००० मीटरवर. लोक सकाळी अटल बोगद्यातून निघतात आणि संध्याकाळी थेट दुप्पट उंचीवर झोपतात. शेजारच्या तंबूतल्या पोराचं त्या रात्री डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. त्याचे वडील गोळी शोधत बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, गोळी राहू द्या, खाली चला. खालच्या छत्रू गावाला पोचेस्तोवर पोरगं पराठा मागत होतं! मधे एक मुक्काम टाकाच.

जाताजाता: इथलं पाणी चंद्रा नदीला मिळतं, पुढे तांदी गावापाशी भागा नदी येऊन मिळते आणि चंद्रभागा होते. आमच्या आईने तिथे गाडी थांबवून हात जोडले. पंढरपूरची नव्हे हे तिला माहीत होतं, तरीही.

रामबागेतून
देवरिया ताल, उत्तराखंड. सारी गावातून अडीच-तीन किलोमीटरचा चढ, बांज (ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून. पहाटे वारा सुटायच्या आत उठलात तर पाण्यात अख्खं चौखंबा शिखर दिसतं. पुढे सगळं विस्कटतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. संडासाबद्दल कोणी बायका लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. चार बांबू, भोवती निळी ताडपत्री, मधे खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि त्यात खोचलेलं खुरपं. झाल्यावर दोन खुरपी माती टाकायची. स्वच्छ असतं, वासही येत नाही. स्वतः जागा निवडणार असाल तर पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब. पॅड पुरू नका, कुत्री उकरतात. घट्ट पिशवीत बांधून खाली आणा.

पहाटे तंबूला आतून थेंब लटकत होते. नवऱ्याला वाटलं गळतोय. गळत नव्हता, आमच्याच श्वासाची वाफ होती. चेन बोटभर उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी.

आणि जागा आधी विचारून घ्या. उत्तराखंडात बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, रात्रीचा मुक्काम उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंद केलाय. तरी ‘चलता है’ म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

वैशाली नगरहून
कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेवा. बास, एवढंच.

लोकमान्य नगरहून
ताई, वाफेचं अगदी खरं. आम्ही पठाणकोटला उतरून हिमाचलातल्या करेरी तळ्याला गेलो होतो. धौलाधार डोंगररांगेचं बर्फ वितळून भरणारं तळं, पाय बुडवला की बोटं बधिर. काठावर गद्दी मेंढपाळ उतरले होते. त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मानगूट धरतो, म्हणून. रात्रभर तो आमच्या तंबूभोवती फिरत होता, आणि खरं सांगतो, भीती बिबट्याची कमी, त्याचीच जास्त. सकाळी त्याच्या मालकाने मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. जाड, खारट वाटावा असा. पुन्हा मागून प्यायलो.

नारायण बागेतून
वाचायला छान, पण आमचे गुडघे वाजतात, वय सत्तरीकडे. आमच्याजोगं काही?

सुदामा नगरहून
काका, उत्तराखंडातलं सातताल करा. काठगोदामला उतरा, भीमतालजवळच आहे. उंची १,३७० मीटरच्या आसपास, दम लागत नाही, गाडी तळ्यापर्यंत जाते आणि भोवती बांज-चीडचं (ओक आणि पाइनचं) दाट जंगल. पक्षी भरपूर. माकडंही भरपूर, तेव्हा पोह्यांवर झाकण ठेवा.