३/७ मोठा की ५/९?

कृष्णाकाठ, सांगली
पाचवीत ३/७ आणि ५/९ यांतला मोठा अपूर्णांक विचारला की निम्मा वर्ग ३/७ म्हणतो. कारण ठरलेलं: "छेद लहान, तो मोठा." समच्छेद करून २७/६३ आणि ३५/६३ मांडले की माना डोलतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काय करावं?

माहुलीकर
नियम खोटा नाही, अर्धाच पाठ झालाय. अंश सारखे असतील तरच तो चालतो, उदा. ३/७ आणि ३/९. तुकडे दोन्हीकडे तीनच, मग ज्याचा तुकडा मोठा तो मोठा. इथे तीन तुकडे विरुद्ध पाच आहेत.

लसावि काढण्याआधी निम्म्याशी ताडायला लावा. सातचे निम्मे साडेतीन, ३ त्याच्या आत. नऊचे निम्मे साडेचार, ५ त्याच्या वर. तोंडीच निकाल! शिवाय "तीन छेद सात" ऐवजी "तीन सप्तमांश" वाचून घ्या. छेद म्हणजे तुकड्याचं नाव, हे कानावर पडायला हवं.

कृष्णाकाठ, सांगली
पटलं. पण दोन्ही निम्म्याच्या वर असतील तर?

पाऊणकी
७/८ आणि ५/६ असेल तर पूर्णाला किती कमी ते बघा. एकाला १/८ कमी, दुसऱ्याला १/६. ज्याची तूट लहान तो मोठा, म्हणजे ७/८. मात्र मुलं छेदातून अंश नुसता वजा करतात, तिथे घात होतो. २/३ मध्ये फरक १, ६/८ मध्ये २, म्हणून २/३ मोठा म्हणतात. तूट खरं तर १/३ आणि २/८, म्हणजे पाव. मोठा ६/८.

४/७ आणि ५/९ इतके जवळ असले की सरळ तिरकस गुणाकार. ४×९=३६, ५×७=३५; ४/७ मोठा. ३६ हा ४ च्या डोक्यावरच लिहायचा, ९ च्या बाजूला लिहिला की उत्तर उलटतं. हे ६३ छेदाचे अंशच आहेत, एवढं एकदा दाखवा.

माहुलीकर
आकृतीला गोल नको, गोलाचे सात सारखे भाग हातानं होत नाहीत. १२ सेंमीच्या दोन पट्ट्या घ्या: २/३ म्हणजे ८ सेंमी, ६/८ म्हणजे ९. पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात. साताऱ्यात कंदी पेढ्यांचं उदाहरण हमखास येतं, तिथेही हेच जपा. किलोभर पेढ्यांचा १/३ साधारण ३३३ ग्रॅम, अर्ध्या किलोच्या पुड्याचा १/२ मात्र २५०.