तांब्याचं कॉम्प्लेक्स पेशी मारतंय, पण डीएनए तोडतंय का? कॉमेटला शेपटी येईना

मांडवी_चार (बडोदा)

नमस्कार मंडळी. फेनान्थ्रोलिन आणि सॅलिसिलाल्डिहाइडपासूनचा शिफ बेस, अशा तांब्याला धरणाऱ्या दोन रेणूंपासून कॉपर(२) कॉम्प्लेक्स केलं आहे. एमसीएफ-७ वर (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) २४ तासांच्या एमटीटीत (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) आयसी५०, म्हणजे निम्मा परिणाम देणारी मात्रा, साधारण ६ मायक्रोमोलार येतो. अडचणी तीन:

१. प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं गोल कडं) एकदा पूर्ण कापलं गेलं, पुढच्या वेळी ढिम्म. ३०० नॅनोग्रॅम पीबीआर३२२, कॉम्प्लेक्स २० मायक्रोमोलार, एकूण २० मायक्रोलिटर, ३७ अंशांना १ तास, सोबत अ‍ॅस्कॉर्बेट. प्लाझ्मिडचा स्टॉक ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर.
२. कंट्रोल म्हणून ठेवलेल्या सिसप्लॅटिनचा (प्लॅटिनमचं कर्करोगावरचं औषध) आयसी५० १०० मायक्रोमोलारच्याही वर जातो. कॉमेटमध्येही (पेशीचा तुटलेला डीएनए जेलमध्ये शेपटीसारखा सरकतो ती चाचणी) त्याला शेपटी नाही.
३. कॉमेटचं जेल लायसिसमध्येच (पेशी फोडायच्या टप्प्यात) स्लाइडवरून सुटतं.

सगळे स्टॉक १० मिलिमोलार, डीएमएसओमध्ये. ‘डीएनएचं नुकसान करतं’ असं लिहायला एवढं पुरेल का?

---

पिपेटवाली_ताई

सिसप्लॅटिन डीएमएसओत विरघळवलंत तिथेच ते गेलं. डीएमएसओचं गंधक प्लॅटिनमला धरतं, क्लोराइड निघून जातो आणि उरतो तो दुसराच पदार्थ. ०.९ टक्के सलाईनमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा, म्हणजे ३.३ मिलिमोलार. सलाईन अशासाठी, की भरपूर क्लोराइड असला की पाणी त्याची जागा घेत नाही. अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलंत तर तळाशी पिवळे खडे बसतात आणि वरचं पातळ द्रावण तुम्ही ३.३ समजून वापरत राहता.

स्टॉक नीट केला तरी २४ तासांत आकडा मोठाच येईल. अशा औषधाने पेशी लगेच मरत नाही. ती विभागायला जाते, अडकते आणि मग मरते. ७२ तास द्या. त्याहून बरं म्हणजे क्लोनोजेनिक: १० ते १४ दिवस पेशी वाढू द्यायच्या, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या, ५० पेशींच्या वरची वसाहत मोजायची. २४ तासांतच ६ मायक्रोमोलारला पेशी मरत असतील, तर मला आधी डीएनएपेक्षा तांब्याच्या विषारीपणाचा संशय येईल.

आणि शेपटी सिसप्लॅटिनला यायचीच नाही. ते धागा तोडत नाही, शेजारशेजारचे ग्वानिन बांधतं आणि क्वचित दोन धागे एकमेकांना. बांधलेला डीएनए जेलमध्ये सरकत नाही. म्हणून उलटं मोजतात. औषध देऊन धुवा, ८-१० तास थांबा (दुसरा धागा बांधला जायला वेळ लागतो), मग १०० मायक्रोमोलार हायड्रोजन पेरॉक्साइड बर्फावर ५ मिनिटं. नुसत्या पेरॉक्साइडपेक्षा शेपटी आखूड आली, तर क्रॉसलिंक आहे. शेपटी दाखवणारा कंट्रोल हवा असेल तर इटोपोसाइड घ्या. ते डीएमएसओत सुखाने राहतं.

---

सुरसागरकाठ

प्लाझ्मिडचं मी सांगतो. तुमचं प्लाझ्मिड कशात आहे? टीई बफरमध्ये असेल तर हिशेब करा. ३०० नॅनोग्रॅमसाठी ६ मायक्रोलिटर स्टॉक पडतो. टीईत ईडीटीए (धातू घट्ट पकडणारा पदार्थ) १ मिलिमोलार, म्हणजे २० मायक्रोलिटरमध्ये ३०० मायक्रोमोलार. तुमचं कॉम्प्लेक्स २०. पंधरापट ईडीटीए पुढ्यात असताना तांबं शिफ बेसकडे कशाला थांबेल? ज्या दिवशी कापलं गेलं, त्या दिवशीचं प्लाझ्मिड पाण्यात असणार. इथेनॉलने अवक्षेप काढा आणि पाण्यात किंवा १० मिलिमोलार फॉस्फेटमध्ये, पीएच ७.२ ला, परत विरघळवा. ईडीटीए फक्त शेवटी लोडिंग डायमध्ये, अभिक्रिया थांबवायला.

दुसरी चोरवाट डीएमएसओची. नुसतं १ टक्का म्हणजे १४० मिलिमोलार, आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल ते आनंदाने खातं. ट्रिसही खातं. म्हणजे जे रॅडिकल डीएनए तोडणार, ते वाटेतच संपतं. याच कारणाने डीएमएसओ, पोटॅशियम आयोडाइड, कॅटॅलेज यांची वेगळी लेन (जेलमधला रकाना) मुद्दाम लावतात: कापणं थांबलं तर रस्ता रॅडिकलचा.

लेन कमी करू नका. नुसतं प्लाझ्मिड, नुसतं अ‍ॅस्कॉर्बेट, नुसता कॉपर क्लोराइड, नुसता शिफ बेस, नुसतं फेनान्थ्रोलिन, कॉपर क्लोराइड अधिक फेनान्थ्रोलिन, आणि मग तुमचं कॉम्प्लेक्स. सहावी लेन टाळायचा मोह होतो, कारण कॉपर-फेनान्थ्रोलिन डीएनए कापतं हे १९७९ पासून माहीत आहे. त्याहून तुमचा रेणू वेगळं काय करतो, हाच तर प्रश्न. जेल इथिडियमशिवाय (डीएनए रंगवणारा पदार्थ) चालवा आणि नंतर रंगवा. मोजताना सुपरकॉइल्ड (पीळ असलेल्या, न कापलेल्या प्लाझ्मिडच्या) पट्टीला साधारण १.४ ने गुणा, ती इथिडियम कमी धरते.

---

पिपेटवाली_ताई

एमटीटीबद्दल राहिलंच. पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) माध्यम, कॉम्प्लेक्स आणि एमटीटी घालून बघा. कॉम्प्लेक्स स्वतःच रंग देत असेल किंवा एमटीटीला क्षपित करत असेल, तर ६ हा आकडा बदलेल. वरच्या लेनमधले प्लाझ्मिड सोडून बाकीचे पदार्थ पेशींवरही लावा. सुटं फेनान्थ्रोलिन पेशीतले धातू ओढून एकटंच मारतं.

लॅडरच्या (मरणाऱ्या पेशीच्या डीएनएचे तुकडे जेलमध्ये शिडीसारखे दिसतात, त्या) भानगडीत एमसीएफ-७ वर पडू नका. तिच्यात ते तुकडे पाडायला लावणारं एन्झाइम, कार्यक्षम कॅस्पेज-३, नसतं, लॅडर दिसत नाही आणि माणूस उगाच रेणूला दोष देतो.

---

जेलपुसणी

जेल सुटतं त्याला बडोद्याचा उन्हाळा पुरेसा आहे. लो-मेल्टिंग अ‍ॅगरोज २६ ते ३० अंशांच्या खाली गोठतं. दुपारी एसी बंद, खोली ३६ वर, की ते गोठतच नाही, नुसतं दाट होतं. बर्फावर स्टीलचा ट्रे ठेवा, त्यावर स्लाइड ५ मिनिटं. कव्हरस्लिप उचलायची नाही, आडवी सरकवायची. त्याआधी स्लाइड १ टक्का साध्या अ‍ॅगरोजमध्ये बुडवून, मागची बाजू पुसून, पूर्ण वाळवलेली हवी. पावसाळ्यात बाहेर वाळत नाही, ३७ अंशांना रात्रभर ठेवा. लायसिस बफर थंड असू दे, ट्रायटन त्याच दिवशी घाला.

औषध १ ते ४ तासच द्या आणि जिवंत पेशी ८० टक्क्यांच्या वर आहेत ना ते आधी बघा. मरणाऱ्या पेशीला डोकं नसलेली ढगासारखी शेपटी येते, ती नुकसान म्हणून मोजली जाते. गॅमा-एच२एएक्समध्येही (तुटलेल्या डीएनएपाशी उमटणारी खूण) तेच: वेगळे ठिपके हवेत. पूर्ण केंद्रक चमकत असेल तर ते बहुधा अपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं).

दावा पक्का करायचा असेल तर दुरुस्ती बिघडलेली जोडी मिळवा, उदाहरणार्थ एए८ (हॅमस्टरच्या पेशी) आणि तिच्यापासूनची, एक्सपीएफ हे दुरुस्तीचं प्रथिन नसलेली यूव्ही४१. दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी कमी मात्रेला मेली, तर डीएनएचं नाव घ्या. दोघी सारख्याच मरत असतील, तर शीर्षकात फक्त ‘सायटोटॉक्सिक’ लिहा.

---

मांडवी_चार

डब्यावरची लेबलं पाहिली. जुना प्रेप पाण्यात, नवा टीईत. अवक्षेप काढायला घेतला आहे. यूव्ही४१ आमच्याकडे नाही, तोवर पेशी नसलेली वेल आणि सात लेन.