तंबाखू सोडवायची योजना सगळ्यांना सारखीच कशाला?

कडूनिंब: तंबाखूपायी जगात दर वर्षी ७० लाखांहून जास्त माणसं जातात, आणि वापरणाऱ्यांपैकी साधारण ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. श्रीमंत देशांतही आता जे उरलेत त्यात कमी कमाईचे, कमी शिकलेले, मानसिक आजाराशी झगडणारे जास्त. तरी योजना बघा, तेच पोस्टर, तीच जाहिरात, आणि सोडवायचं केंद्र दहा ते पाच. रोजंदारीवाल्याने मजुरी बुडवून यायचं का? माझं स्पष्ट मत, जिथे वापर जास्त तिथे पैसा आणि माणसं आधी पाठवा.

रोखठोक: एवढा पसारा नको, कर वाढवा. किंमत १० टक्के वाढली की श्रीमंत देशांत खप ४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, बाकीकडे ५ च्या. गरिबाला जास्त झळ बसते म्हणून तोच जास्त सोडतो, दरी आपोआप कमी होते की.

कडूनिंब: कर हवाच, त्यावर वादच नाही. पण ज्याला सुटत नाही तो तलफेचे पैसे घरखर्चातून काढतो, त्याच्या पोरांचं काय? तंबाखू सोडताना तलफ कमी करणारे निकोटिनचे गम (चघळायच्या गोळ्या) आणि पॅच (त्वचेवर लावायच्या पट्ट्या) २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, पण गरजवंताला परवडत नाहीत. कराच्या पैशातून ते फुकट द्या ना.

सिस्टर_नाईट: मी पेशंट बघते म्हणून सांगते, रात्रपाळीवाले झोप येऊ नये म्हणून खातात, काही जण भूक मारायला, त्यांना कॅन्सरचे फोटो दाखवून काय उपयोग, त्यांना माहितीये सगळं. पाळी सुटताना गेटवर कोणी भेटलं आणि पुढच्या आठवड्यात परत विचारपूस केली तर माणूस टिकतो, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड वाढली की पुडी परत खिशात.

पाऊलवाट: हे पटतं, पण अमुक वस्ती व्यसनी असा शिक्का बसणार त्याचं काय? लोक मग केंद्राकडे फिरकणारसुद्धा नाहीत. सेवा सगळ्यांना खुली ठेवा.

कडूनिंब: खुली ठेवाच, फक्त वेळ आणि जागा त्यांच्या सोयीची ठेवा. आणि वस्तीकडे बोट दाखवण्याआधी तिथली दुकानं मोजा, गरीब भागात विक्रीची दाटी जास्त असते हे बऱ्याच देशांत दिसलंय. लायसन्स तिथे कमी करा.

रोखठोक: लायसन्स कमी केलं तर चोरून विकतील. माझं उत्तर तेच, आधी कर, आणि मग त्या पैशातून सिस्टर म्हणतात तसं गेटवर माणूस उभा करा, त्याला माझा विरोध नाही.