पन्नाशीनंतर बुटाचा नंबर वाढतो, की पाऊल फक्त पसरतं?

अर्धा_नंबर

हाडांची वाढ विशीच्या आत थांबते, तरी चाळिशी-पन्नाशीनंतर वर्षानुवर्षांच्या नंबरचे बूट आवळायला लागतात. नेमकं काय बदलतं? लांबी, रुंदी की नुसती सूज? आणि सरळ पुढचा नंबर घेणं हा उपाय बरोबर आहे का?

ज्या पावलांसाठी विचारतोय त्यांचं वय ५६, नंबर आजवर ब्रिटिश ६. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला कुरूप झालंय, चवडा आवळतो. ७ नंबर घालून पाहिला तर चालताना टाच निसटते. घरी माप घ्यायची पद्धत आणि त्यावरून नंबर काढायचा हिशोबही हवा आहे.

घोटा

हाडं वाढत नाहीत. मुलींची पावलं साधारण १४-१५ व्या वर्षी आणि मुलांची १६-१७ व्या वर्षी पूर्ण लांबी गाठतात. पुढे बदलते ती हाडांची मांडणी. एका पावलात २६ हाडं असतात. त्यांना कमानीच्या आकारात धरून ठेवतात ते अस्थिबंध, टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला तळव्याखालचा जाड पट्टा, आणि घोट्याच्या आतल्या बाजूने खाली उतरणारी एक कंडरा. वयाबरोबर हे सगळं सैल पडतं. वाकवलेली पट्टी दाबून सपाट केली की तिची टोकं एकमेकांपासून लांब जातात, तसंच कमान खचली की टाच आणि बोटं लांब जातात. लांबीतली ही वाढ बहुतेकदा काही मिलिमीटरचीच असते. चवड्याची हाडं मात्र पंख्यासारखी फाकतात आणि रुंदीतला फरक जास्त जाणवतो. अंगठा बोटांकडे झुकत गेला की त्याच्या मुळाशी गाठ पुढे येते, तिथे आणखी रुंदी वाढते.

वजन वाढणं आणि तासन्‌तास उभं राहणं यांनी हे लवकर होतं. गरोदरपणातही कमान उतरते, विशेषतः पहिल्या वेळी, आणि ती पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून बाळंतपणानंतर काही महिने जाऊ द्यावेत आणि मगच महागाचे बूट घ्यावेत.

दुसरा बदल उलट्या दिशेचा आहे. टाचेखालची आणि चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते, तिची लवचीकता जाते. एकाच पावलाला पुढे जागा कमी पडते आणि खाली मऊपणा कमी पडतो. तो मऊपणा भरून काढायला लोक जाड इनसोल घालतात आणि बूट आणखी घट्ट करून बसतात.

हे सगळं दोन्ही पायांत, वर्षांच्या हिशोबाने होतं. एकाच पायाची कमान काही महिन्यांत खचली तर ते वय समजू नका. मागून कोणाला तरी पाहायला सांगा: एका पायाच्या बाहेरच्या बाजूला दुसऱ्यापेक्षा जास्त बोटं दिसतात का? मग भिंतीला हात टेकून त्या एका पायावर टाच उचलून पाहा. टाच उचलतच नसेल किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला कळ येत असेल तर ती कंडरा दुखावलेली असू शकते. अशा वेळी बुटाच्या दुकानाआधी डॉक्टर.

पायमोजणी

मापाबद्दल.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल फुगतं. जे मोजे बुटात घालणार तेच घाला. कागद भिंतीला लावून जमिनीवर चिकटवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन उभे राहा. खुणा दुसऱ्याने करायच्या. स्वतः वाकलात की वजन पुढे जातं आणि माप चुकतं.

पेन्सिल कागदाला काटकोनात उभी धरा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: तिरकी पेन्सिल पावलाखाली शिरते आणि रुंदी ५-६ मिमी कमी येते. लांबी सगळ्यात पुढे आलेल्या बोटापर्यंत मोजा. ते अंगठ्याशेजारचं बोटही असू शकतं.

पाच आकडे हवेत, दोन्ही पावलांचे:

१. उभ्याने लांबी.
२. बसून, पायावर भार न देता लांबी. दोन्हींतला फरक कमान किती दबते ते सांगतो.
३. टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर.
४. चवड्याची रुंदी, आखलेल्या रेषेवरून.
५. चवड्याचा घेर. शिवणकामाची टेप अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावरून करंगळीच्या मुळाच्या सांध्यावर, म्हणजे थोडी तिरपी. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको.

नंबरचा हिशोब मोठ्या पावलावरून करायचा. लांबीत १५ मिमी मिळवा. बेरजेला ६.६७ ने भागलं की युरोपीय नंबर येतो. ८.४७ ने भागून २५ वजा केले की ब्रिटिश. (ब्रिटिश नंबरातली एक पायरी म्हणजे एक तृतीयांश इंच, मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. आपण अजून धान्यावरच पाय मोजतोय.) अमेरिकन नंबर पुरुषांत ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने आणि बायकांत साधारण दोनाने जास्त असतो. काही खोक्यांवर पावलाची लांबीच मिमी किंवा सेमीमध्ये छापलेली असते. ती असेल तर तिच्यावर विश्वास ठेवा, कारण तिथे बेरीज-भागाकाराचा प्रश्न येत नाही.

१५ मिमी हा ठोकताळा आहे. निमुळत्या टोकाच्या बुटात पुढची बरीच जागा बोटांच्या कामाची नसते, तिथे तो अपुरा पडतो.

कलबूत

पुढच्या नंबरने टाच का निसटते ते सांगतो. बूट ज्या साच्यावर बांधतात त्या कलबुताला लांबी असते तसा चवड्याचा घेरही असतो. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर पुढे गेलं की लांबी ८.४७ मिमीने वाढते आणि घेर पाव इंचाने, म्हणजे ६.३५ मिमीने. नंबर तोच ठेवून रुंदीची एक पायरी वर गेलं तरी घेर तेवढाच वाढतो. म्हणजे ७ नंबरने चवड्याला जी मोकळीक मिळते ती रुंद ६ मध्येही मिळते. ७ मध्ये वरची साडेआठ मिमी लांबी नको असताना पदरात पडते.

ती लांबी निरुपद्रवी नसते. बूट चवड्याच्या सांध्याशी वाकला पाहिजे. सांधा टाचेपासून लांबीच्या साधारण ७० ते ७२ टक्क्यांवर असतो. लांब बुटात वाकायची जागा सुमारे ६ मिमी पुढे सरकते, पाऊल एका ठिकाणी वाकतं आणि सोल दुसऱ्या. घडी बोटांवर रुतते, टाच वर येते, आणि पाऊल पुढे घसरू नये म्हणून बोटं आत आवळली जातात. लांब बुटाने भोवऱ्या होतात त्या अशा.

रुंदीची पायरी दाखवणारी अक्षरं कंपनीगणिक वेगळी असतात, पुरुषांच्या आणि बायकांच्या बुटांतही एक नसतात. अक्षरावर जाऊ नका, बुटातली इनसोल बाहेर काढा आणि तिच्यावर उभे राहा. अप्पर, म्हणजे सोलच्या वरचं बुटाचं अंग, थोडं बाहेर झुकतं म्हणून पाऊल काठावरून किंचित बाहेर गेलेलं चालतं. करंगळीच बाहेर लोंबत असेल तर तो बूट परत ठेवा.

अर्धा_नंबर

मापं घेतली. उजवं पाऊल मोठं. उभ्याने २४७, बसून २४१, टाच ते सांधा १७८, रुंदी १०१, घेर २४९. डावं उभ्याने २४४, घेर २४३. सध्याच्या बुटाची इनसोल चवड्याशी ८८ मिमी रुंद. सगळे आकडे मिमी.

कलबूत

२४७ अधिक १५ म्हणजे २६२. भागिले ८.४७, वजा २५: ५.९. युरोपीय ३९.३. म्हणजे नंबर ६ हाच आहे आणि १७८ भागिले २४७ म्हणजे ७२ टक्के, सांधाही जागेवर आहे. गडबड रुंदीत आहे, १०१ च्या पावलाखाली ८८ ची इनसोल. १३ मिमीचा फरक कोणतंही अप्पर सांभाळणार नाही. कुरूप तिथूनच आलंय, आणि बूट बदलल्याशिवाय ते कितीही कापलं तरी परत येणार.

६ नंबर, रुंदीला दोन पायऱ्या वर, गोल किंवा चौकोनी टोक, नाडीचा बूट. उभ्याने-बसून ६ मिमीचा फरक आहे, म्हणजे कमान बरीच दबते. टाचेमागचा भाग कडक हवा. दोन बोटांत दाबून तो सहज चेपला तर तो बूट नको. सोल चवड्याशी वाकावा, मधे कमानीखाली नाही.

असलेला बूट रुंद करता येईल का, हे कोणीतरी विचारेलच. चामडं असेल तर साच्यावर ताणून चवड्याशी २-३ मिमी मिळतात, नेमक्या कुरपाच्या जागी फुगवटाही काढता येतो. लांबी ताणता येत नाही, पुढचं टोक आणि टाच आतून कडक केलेली असतात. सिंथेटिक ताणलं तरी मागे येतं. १३ मिमीसाठी यातलं काहीच कामाचं नाही.

डावं लहान आहे म्हणून त्या बुटात नाडीखालच्या जिभेला आतून पातळ फेल्टचा तुकडा लावा. टाचेमागे लावू नका, पाऊल पुढे ढकललं जातं.

घोटा

इनसोल बदलायची असेल तर आधी मूळची काढा. तिच्यावरच ३ मिमीची दुसरी टाकली की पाऊल तेवढं वर उचललं जातं, वरून नाडीखाली दाब येतो आणि टाच काउंटरच्या, म्हणजे टाचेमागच्या कडक भागाच्या, बाहेर येऊ लागते. बोटं वाकडी झाली असतील किंवा नखं जाड झाली असतील तर रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. जादा खोलीचे बूट मिळतात, त्यांत नेहमीच्या बुटापेक्षा ६ ते १२ मिमी जागा जास्त असते.

मधुमेह असेल तर "घालून बरं वाटतं" या कसोटीवर बूट घेऊ नका. संवेदना कमी झाली की योग्य मापाचा बूट ढिला वाटतो आणि घट्ट बूट छान वाटतो, म्हणून आकड्यांवरच घ्या. नवा बूट पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला, मग मोजे काढून पाऊल पाहा. लाल झालेली जागा अर्ध्या तासात मूळ रंगावर आली नाही तर बूट तिथे दाबतोय. रोज घालण्याआधी हात आत घालून खडा, वर आलेली शिवण, दुमडलेलं अस्तर चाचपून घ्या.

अचानक एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखते किंवा गरम लागते, तर मापं घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.